श्री फाईल आणि बिनकामाचा अँगल

आमच्या ऑफिसात संगणकाच्या आधी चपलांचा स्टँड आला. लाकडी, तीन कप्प्यांचा, वर 'पादत्राणे येथे काढावीत' अशी रंगवलेली पाटी. मग खोलीला नवा रंग, मग खिडकीत एसी, मग दाराला पडदा, आणि एवढं सगळं झाल्यावर एका टेम्पोतून स्वतः संगणक.

या अंकाच्या संपादकांनी मला बांधकामाच्या धंद्यात संगणक कसा आला यावर लिहायला सांगितलं आहे. मी जन्मभर छपरांचे हिशेब केले. आकडा चुकला तर छप्पर सांगतं, वाक्य चुकलं तर कोण सांगणार, अशी मला धास्ती आहे. तरी लिहितो, कारण या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात संगणक आला आणि सगळं सोपं झालं असं असतं. आमच्याकडे संगणक आला आणि सगळं सोवळं झालं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी नक्की काय शिकतो हे घरच्यांना सांगता येत नसे, आणि खरं म्हणजे मलाही. आई पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या शेडमध्ये माल निवडायला जायची. तिला कोणी विचारलं तर ती म्हणायची, "पोरगं घरं पडू नये याचं शिकतंय." याहून चांगली व्याख्या मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

त्या वर्षी एखाद्या ऑफिसात काम करून तिथल्या साहेबांचा दाखला कॉलेजात द्यावा लागे. दाखला नाही तर वर्ष गेलं. मला जागा मिळाली दामले साहेबांकडे. साहेब शहरातले नावाजलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर. खोटं कशाला सांगू, त्यांचं हाताचं काम चोख होतं. स्लाइडरूल नावाची सरकती पट्टी ते अशी चालवत की पेटी वाजवताहेत असं वाटावं. एखाद्या कारखान्याच्या सांगाड्याकडे बघून कुठला खांब कुरकुरेल ते सांगत. मग संगणक आला, आणि साहेबांनी स्लाइडरूल मखमली पेटीत घालून कपाटात ठेवली. त्या पेटीबरोबर आणखी काय काय आत गेलं ते पुढे दिसेलच.

संगणकाच्या खोलीत दोघांनाच प्रवेश होता. एक साहेब, दुसरा त्यांचा पुतण्या श्रीरंग. श्रीरंग पुण्याला जाऊन संगणकाचा कोर्स करून आला होता आणि एका बोटाने का होईना, पण न बघता टाइप करायचा. मी उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून आकडे वाचून दाखवायचे, त्याने आत ते भरायचे. कारण विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, मशीनला धूळ चालत नाही. धूळ कोणाच्या पायाला लागते हे त्यांनी आडनावावरून ठरवलं होतं का, ते मला कधीच कळलं नाही. श्रीरंग रोज पंचवटीतून सायकलवर यायचा. त्याचे पाय माझ्याइतकेच मळलेले असत. आमच्या घरी देवघर नव्हतं. भिंतीवर दोन फोटो होते आणि त्यांच्यापुढे नारळ फोडायची रीत नव्हती. त्यामुळे सोवळ्याच्या बाबतीत मी अडाणीच होतो. मी स्टुलावर बसलो.

बाहेरच्या खोलीत ड्रॉइंग काढणारे बाविस्कर काका असत, सटाण्याकडचे. मशीनला हार घातला त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवून मला हळूच विचारलं होतं, "हाई मशीन शे का म्हसोबा शे रे भो?" मी म्हणालो, काका, अजून ठरायचं आहे.

आता धंद्याबद्दल थोडं, बाहेरच्या वाचकांसाठी. पत्र्याच्या शेडखाली उभं राहून वर बघितलं तर लोखंडी अँगलचे त्रिकोण दिसतात. तो ट्रस. वेल्डर लोक त्याला कैची म्हणतात. साध्या ट्रसला सहा सांधे आणि नऊ काठ्या पुरतात. दोन उतरत्या बाजू, प्रत्येकी दोन काठ्यांच्या, मधे एक उभी काठी, तिला लागून दोन तिरक्या काठ्या आणि खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन काठ्यांचा आडवा अँगल. काम एवढंच, की प्रत्येक काठीवर किती ओढ किंवा किती दाब येतो ते काढायचं आणि त्याप्रमाणे तिची जाडी ठरवायची. हे पेन्सिल, पट्टी आणि कागदावर होतं. आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं.

साहेब मात्र ग्राहकांना सांगत, "आम्ही फायनाइट एलिमेंटने करतो." ग्राहक मान डोलवत. शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे. एखाद्या मोठ्या वस्तूचा हिशेब एकदम जमत नाही, म्हणून तिचे लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकडा किती ताणतो नि किती दबतो याची समीकरणं मांडायची आणि सगळी एकत्र सोडवायची. धरणाची भिंत असली तर समीकरणं इतकी होतात की माणूस म्हातारा होईल, म्हणून यंत्र. ट्रसचे तुकडे मात्र मुळातच पडलेले असतात. नऊ काठ्यांच्या कैचीसाठी हे सॉफ्टवेअर लावणं म्हणजे शेंगा फोडायला रोडरोलर बोलावण्यासारखं होतं. पण ग्राहकाला शेंगा नको होत्या, त्याला रोडरोलरच बघायचा होता.

सिडकोकडच्या एका मंगल कार्यालयाचे ट्रस्टी आले होते. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, हे मशीन भूमिपूजनाचा मुहूर्तही काढून देईल का. साहेबांनी नाही म्हणायला जरा जास्तच वेळ घेतला. एका सरकारी कचेरीतले इंजिनिअर हिशेबाची पानं उलटत नसत, चिमटीत धरून जाडी बघत आणि सही करत. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी तोच हिशेब दोनदा छापायचो. सुरगाण्याच्या एका आश्रमशाळेचं छप्पर केलं, तिथल्या गुरुजींनी हिरव्या पट्ट्यापट्ट्यांच्या त्या लांब कागदांची मुलांच्या वह्यांना कव्हरं घातली. त्या कागदांचा इतका चांगला उपयोग आमच्या हातून कधी झाला नाही.

आता श्री फाईल.

संगणकावर पहिलं काम केलं ते एका कालव्यावरच्या छोट्या पायपुलाचं. त्याची फाईल म्हणजे काठ्यांची यादी. कुठला सांधा कुठे, कुठली काठी कुठून कुठे, किती जाड, वजन किती, आणि शेवटी ट्रस कुठे नि कसा टेकला आहे. साहेबांनी त्या फाईलला 'श्री' नाव दिलं. पूल झटपट मंजूर झाला. साहेबांनी ठरवलं, ही फाईल लाभली. तेव्हापासून ऑफिसचा रिवाज पडला, की नवं काम कोऱ्या फाईलवर सुरू करायचं नाही. श्रीची नक्कल करायची, वरून नवे आकडे घालायचे. वही लिहिताना पहिल्या ओळीत श्री काढतात ना, तसंच, फक्त इथे श्रीबरोबर पुलाचे चारदोन आकडेही मुक्कामाला येत. सांधे बदलत, काठ्या बदलत, वजनं बदलत. शेवटच्या दोन ओळींना कोणी हात लावत नसे. त्या ओळींत टेकूंची माहिती होती आणि श्रीरंगला वाटे की तो मंत्राचा शेवट आहे.

पूल दोन्ही काठांच्या दगडी बांधकामात गाडलेला होता. त्याची दोन्ही टोकं इंचभरही हलणार नव्हती, आणि श्रीमध्ये तसंच लिहिलं होतं, दोन्ही टोकं घट्ट. पुलापुरतं ते बरोबरच होतं.

पहिला धक्का सिन्नरला बसला. तिथल्या एका कारखान्याची सायकल शेड आम्ही केली होती. पावसाळ्यात निरोप आला, खांबांना भेगा पडल्या. साहेबांनी मला आणि बाविस्कर काकांना एसटीने पाठवलं. शेड उभी होती, पण विटांचे खांब माथ्याशी बाहेर झुकले होते, जेवून उठलेला माणूस पट्टा सैल करून बसतो तसे. खालचा आडवा अँगल म्हणजे नावापुरती पातळ पट्टी, तीही एका बोल्टवर, आणि बोल्टचं भोक लांबुळकं झालेलं. साहेबांनी माझं सांगणं ऐकलं आणि निदान केलं, गवंड्याने सिमेंट खाल्लं. गवंड्याला बोलावून झापलं. तो बिचारा शपथा घेत होता. खरं कारण मलाही अजून कळलं नव्हतं.

कळलं ते पिंपळगावच्या कामात.

बोरस्ते नाना पिंपळगावचे बागाईतदार. जुनी शेड पुरत नव्हती म्हणून द्राक्षं निवडायला आणि भरायला नवी बांधत होते. आई त्यांच्याकडेच कामाला होती. नानांना हे माहीत होतं आणि ऑफिसात आले की ते मला आवर्जून 'इंजिनेर' म्हणत. विटांच्या खांबांवर सात ट्रस, वर पत्रा. आम्ही हिशेब केला. मी उंबऱ्यातून आकडे वाचले, श्रीरंगने भरले, मशीनने मिनिटभर विचार केला, तेवढा वेळ साहेब हात जोडून उभे राहिले, आणि प्रिंटर करकरायला लागला.

नानांची एक अडचण होती. क्रेटच्या थप्प्या उंच लावल्या की खालच्या आडव्या अँगलला अडतील. "साहेब, ही आडवी काठी काढता नाय का येनार?"

साहेबांनी कागदावर बोट फिरवलं. खालच्या अँगलवरची ओढ, शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य. साहेबांचा चेहरा उजळला.

"नाना, तीन शून्यं. माणूससुद्धा इतक्या ठामपणे 'नाही' म्हणत नाही. हा अँगल बिनकामाचा आहे. इतकी वर्षं आम्ही सगळे इंजिनिअर सवयीने घालत आलो. मशीनने पकडला."

नाना खूश झाले. अँगल काढायचा ठरला. मशीन पुन्हा चालवून बघायची गरज कोणाला वाटली नाही, शून्य काढून काय फरक पडणार. दसऱ्यानंतर ड्रॉइंग वेल्डरकडे जायचं होतं आणि हंगामापर्यंत शेड उभी करायची होती.

मी त्या तीन शून्यांकडे बघत राहिलो. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की अशा ट्रसमध्ये सगळ्यात इमानदार ओढ खालच्या अँगललाच असते. मग डोळ्यांपुढे रंगाऱ्याचा घोडा आला. घोडा म्हणजे दोन पायांची ती शिडी, खाली दोन्ही पायांना दोरी बांधलेली असते. वर माणूस चढला की पाय फाकायला बघतात आणि दोरी ताणून त्यांना धरते. पण समजा घोड्याचे पाय सिमेंटमध्ये गाडले, तर दोरी सैल पडेल. दोरी म्हणेल, मला काम नाही. ती खरंच बोलते आहे. पण दोरीच्या त्या बोलण्यावर विसंबून ती कापून टाकली आणि तोच घोडा गुळगुळीत फरशीवर नेऊन त्यावर चढलात, तर पुढचं मी सांगायला नको.

मी उंबऱ्यातून श्रीरंगला विचारलं, "दोन्ही टोकांना काय लिहिलंय?"

"श्रीत आहे तेच," तो म्हणाला. "दोन्ही घट्ट."

म्हणजे मशीनच्या हिशेबात पिंपळगावची शेड कालव्याच्या दगडी काठांत गाडलेली होती. प्रत्यक्षात ती विटांच्या खांबांवर बसणार होती, आणि विटांचे खांब काय करतात ते मी सिन्नरला बघून आलो होतो. तिथे निदान नावापुरती पट्टी तरी होती.

पेन्सिलीने हिशेब केला. खालच्या अँगलवर चांगली भरभक्कम ओढ आली. दोनदा केला, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. मग कागद घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. सिन्नरचे खांब सांगितले, टेकूंच्या ओळी सांगितल्या, आणि घोड्याची दोरीही सांगितली. तेवढं सांगायला नको होतं.

"तू मला घोडा शिकवतोस?" साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट. "तुझ्या पेन्सिलीला दशांश चिन्हापुढे किती आकडे येतात रे, मिलिंद?"

"एक, साहेब. तोही डोळे बारीक करून."

"मशीनला तीन येतात. आणि श्री फाईलने आजवर आपल्याला एकदाही तोंडघशी पाडलेलं नाही. दाखला हवाय ना तुला?"

मी हो म्हणालो.

"मग आकडे वाचत जा. समजून घ्यायची घाई करू नकोस."

रविवारी घरी गेलो. आई भाकरी थापता थापता नव्या शेडबद्दल सांगत होती. नानांनी सगळ्या बायांना सांगितलं होतं, दिवाळीनंतर नवी जागा, खाली फरशी, वर उंच पत्रा, वारा लय. जुन्या शेडमध्ये बसून बसून बायांची डोकी तापत. ती इतकी खूश होती की मी भाकरीचा तुकडा नुसता मोडत राहिलो. तिने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, काही नाही, परीक्षा जवळ आली. एका परीने ते खरंच होतं. मी गप्प बसलो तर दाखला मिळणार होता आणि आई त्या पत्र्याखाली बसणार होती. बोललो तर दाखला जाणार होता आणि आई तरीही त्याच पत्र्याखाली बसणार होती, कारण माझं ऐकणार कोण. नानांकडे जाऊन बघितलं. ते प्रेमाने म्हणाले, "इंजिनेर, तू हुशार हाय, पन कंप्युटरपेक्षा?" आणि चहा पाजला.

सोमवारी श्रीरंगला गाठलं. तो माणूस वाईट नव्हता, आपल्या काकांना, म्हणजे साहेबांना, घाबरून होता एवढंच. चहाच्या टपरीवर त्याला सगळं समजावलं. त्याला पटलंही. पण श्रीला हात लावायला तो तयार नव्हता. काकांनी शपथ घातली होती.

"श्रीला नको लावू हात," मी म्हणालो. "नवी फाईल काढ. कोरी."

"कोऱ्या फाईलवर काका काम करू देतील?"

तेव्हा मला माझं शिक्षण किती अपुरं आहे ते कळलं. साहेबांशी मी गणिताने बोललो होतो. ज्या खोलीबाहेर चपलांचा स्टँड आहे, तिथे गणित कोण ऐकणार.

दुपारी साहेबांकडे गेलो आणि शक्य तितकं नम्र होऊन म्हणालो, साहेब, दसरा आलाय. श्री फाईलवर लागोपाठ इतकी कामं झाली. मुळात ती पुलाची. थकली तर नसेल ना? दसऱ्याच्या मुहूर्तावर छपरांसाठी स्वतंत्र फाईल काढली, अगदी कोऱ्यापासून, तर कसं होईल?

मला वाटलं, आता हाकलणार. साहेब गंभीर झाले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'थकली' हा शब्द त्यांना पटला होता.

"अशा गोष्टी तुला सुचतात, हे चांगलं लक्षण आहे," ते म्हणाले.

दसऱ्याला आमच्या वस्तीत कार्यक्रम वेगळा असतो. पांढरे कपडे घालून सगळे विहारात जमतात, वंदना होते, मग जेवणं. मी ऑफिसातून सरळ पिंपळगावची गाडी पकडणार होतो, म्हणून सकाळी पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालूनच गेलो. मशीनला झेंडूचे हार, कीबोर्डावर आपट्याची पानं, प्रिंटरच्या कपाळी कुंकू. साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा सैलावला.

"वा. शुचिर्भूत होऊन आलास. चपला काढ आणि ये आत."

आयुष्यात पहिल्यांदा मी संगणकाच्या खोलीत पाऊल टाकलं. बाहेरून बाविस्कर काकांना खोकल्याची मोठी उबळ आली. माझे कपडे कशासाठी होते ते त्यांना ठाऊक होतं. मी खुलासा केला नाही. साहेबांनी विचारला नव्हता.

कोऱ्या फाईलला 'शुभ' नाव दिलं. सहा सांधे, नऊ काठ्या, खालच्या अँगलसकट. ओवाळताना एखादं अंग कमी नको, असं मी सुचवलं होतं. मी सांगत गेलो, श्रीरंग भरत गेला. शेवटच्या दोन ओळी आल्या.

"डावं टोक घट्ट," मी म्हणालो. "उजवं सरकतं."

"सरकतं?" साहेब दचकले. "दसऱ्याच्या दिवशी छप्पर सरकतं लिहायचं?"

मी म्हणालो, साहेब, उन्हात लोखंड वाढतं, त्याला पाय लांबवायला जागा नको का? तुम्हीच जुन्या कामांत एका टोकाला लांबट भोकं ठेवत होता, बाविस्कर काकांनी ती ड्रॉइंग दाखवली मला. हे अगदी खरं होतं. साहेबांना आपलं जुनं काम आठवलं की ते विरघळत. त्यांनी मान हलवली.

श्रीरंगने बटण दाबलं. साहेबांनी हात जोडले. मीही जोडले, पण डोळे प्रिंटरवर ठेवून. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला. खालच्या अँगलसमोर शून्य नव्हतं. माझ्या पेन्सिलीचाच आकडा होता, फक्त पुढे तीन दशांश लावून नटलेला.

साहेबांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि हाराच्या पुड्याच्या कागदावर एक त्रिकोण काढला. मग त्यात बाण. पन्नाशी उलटलेला तो हात सरसर चालत होता, जसा स्लाइडरूलवर चाले. शेवटी त्यांनी एक आकडा लिहिला, तो कागदावरच्या आकड्याशी ताडून बघितला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. शून्य का आलं होतं, सिन्नरचे खांब का झुकले, गवंडी का शपथा घेत होता, सगळं. आणि त्यांना कळलंय हे मला कळलंय, हेही त्यांना कळलं होतं. मी वाट बघत होतो. एक वाक्य पुरलं असतं.

साहेबांनी तो पुड्याचा कागद चुरगाळला.

"श्री थकलीच होती," ते म्हणाले. "मला शंका होतीच."

मग त्यांनी नानांना फोन लावला आणि सांगितलं की मुहूर्तावर केलं की मशीनही कसं मन लावून काम करतं. अँगल ठेवायचा, चांगला जाड ठेवायचा, हवं तर खांब हातभर उंच घ्या. नानांनी मशीनला सोनं म्हणून आपट्याची पानं पाठवली. सिन्नरला आम्ही 'नव्या फाईलप्रमाणे मजबुतीकरण' म्हणून जाड सळ्या बसवून दिल्या. कारखान्याने आभाराचं पत्र दिलं, ते साहेबांनी फ्रेम करून मशीनवर लावलं. गवंड्याला कोणी काही कळवलं नाही. मी त्याचा पत्ता शोधत गेलो, तर तो गुजरातेत कामाला निघून गेला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दाखला मिळाला. त्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थी आज्ञाधारक असून संगणकाविषयी आदर बाळगतो.' तो मी जपून ठेवलाय. पुढे माझं स्वतःचं ऑफिस झालं, दारात स्टँड नाही. आता मुलं पडद्यावर लाल-निळ्या रंगात सगळ्या ओढी-दाब दाखवतात, फार सुंदर दिसतं. मी फक्त विचारतो, टेकू कसे धरलेत. तेव्हा ती माझ्याकडे अशी बघतात की मी त्यांचं गोत्र विचारलंय.

हंगाम सुरू झाल्यावर मी नानांची शेड बघायला गेलो. बाया रांगेने बसून घडांतले खराब मणी कात्रीने काढत होत्या. वर पत्रा तापला होता, पण वारा होता. मी सवयीने आधी खांबांचे माथे बघितले. सरळ होते. मग वर नजर गेली आणि थांबलो. ज्या अँगलला काम नाही असं मशीनने तीन शून्यांनी सांगितलं होतं, त्यावरून दोर टाकून बायांनी झोळ्या बांधल्या होत्या. प्रत्येकीत एकेक लेकरू झोपलेलं. ते वजन आम्ही श्रीमध्येही धरलं नव्हतं आणि शुभमध्येही.

आई कात्री ठेवून उठून आली. दसऱ्याच्या रात्री मी तिला या अँगलची गोष्ट सांगितली होती, ती त्याला पट्टी म्हणायची.

"हीच का तुझी पट्टी?"

"हो. आई, एका पट्टीला फार झोळ्या बांधू नका हं. हिशेबात नाहीत त्या."

आईने वर बघितलं, मग माझ्याकडे.

"लेकरं घरी कुनाजवळ ठेवायची, ते हाय का तुझ्या हिशेबात?" ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मी खिशातलं पेन काढलं, झोळ्या मोजल्या, आणि तिथेच क्रेटवर बसून हिशेब पुन्हा केला. पट्टी पुरत होती.